गवत भरलेली घंटा

संपादकांनी निरोप धाडला, की जंगल खात्यात जन्म काढलात, तेव्हा दिवाळीच्या अंकासाठी वाघाच्या चार गोष्टी लिहून द्या. वाघ मी फार थोड्या वेळा पाहिला आणि दर वेळी त्याची पाठच पाहिली. तो त्याच्या कामाला निघालेला असे, मी माझ्या. त्यामुळे वाघासाठी ज्यांनी हा अंक घेतला असेल त्यांनी पान उलटावं हे बरं. मला सांगायचंय ते एका लाकडी घंटेबद्दल आणि ती ऐकून जी यायची त्यांच्याबद्दल.

आधी रखवालदार म्हणजे काय ते सांगतो. शहरातल्या पुष्कळांना वाटतं की तो जनावरांची रखवाली करतो. छे! खात्याला काळजी सागाची, ऐनाची आणि खैराची. माझ्याकडे कोंडाण्याच्या लेण्यांपासून वर राजमाचीच्या पायथ्यापर्यंतचं रान होतं. चोरून ओंडके नेणाऱ्या गाड्या अडवायच्या, भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, फांद्या तोडणाऱ्या शेतकऱ्यांना हटकायचं (त्यांत आपलाच भाऊ असला तर लांबून खोकत जायचं), आणि होळीच्या आधी जाळरेषा काढायच्या. जाळरेषा म्हणजे रानाच्या कडेने गवताचा पट्टा आपणच जाळून ठेवायचा, म्हणजे वणवा तिथवर आला की त्याला पुढे खायला काही मिळत नाही. जनावरांचा खात्याशी संबंध एवढाच, की साहेब लोकांना त्यांच्या शिकारीचे परवाने मिळत.

पण रानात राहायचं आणि फक्त झाडं बघायची हे कुणाला जमलंय? आमच्याकडचा पाऊस असा, की श्रावणात ज्या ओढ्यातून बैल वाहून जातो त्याच ओढ्यात वैशाखात बायका घोटभर पाण्यासाठी वाळू उकरत बसतात. अशा उकरलेल्या खड्ड्याला आम्ही डवरा म्हणतो. बायकांचे डवरे गावाजवळ असत. मी वरच्या अंगाला, माणसांची चाहूल नसेल अशा ठिकाणी, आणखी काही उकरून ठेवायचो. त्यांची एक बाजू उतरती करावी लागते. सरळ कडेच्या डवऱ्यात भेकराचं पिल्लू पडलं तर वर येत नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, एक पिल्लू मेलं तेव्हा कळलं.

अतिवृष्टीत उलटा प्रकार. माझी चौकी उंचवट्यावर होती, तेव्हा जो तो तिथे. एका आषाढात ससा, घोरपड आणि मी दोन दिवस एका ओसरीवर काढले. कुणी कुणाला काही विचारलं नाही.

कळंबला एकदा एक भेकर विहिरीत पडलं. निम्मा गाव काठावर. काहींना त्याची दया येत होती आणि काहींना भूक लागली होती. मी उंबराची एक मोठी फांदी फांद्याफुटव्यांसकट विहिरीत सोडली, वरचं टोक झाडाला बांधलं आणि सगळ्यांना मागे हटवलं. भेकर धडपडत वर आलं, काठावर मला पाहून घाबरलं आणि मलाच धडक देऊन पळालं. मी सरळ खाली पाण्यात. त्याच फांदीला धरून वर यायला मला बराच वेळ लागला. तेव्हा गावचे पाटील म्हणाले, "रखवालदार, भेकराला एवढा येळ नव्हता लागला." पुढे कैक वर्षं मी कळंबात गेलो की कुणी ना कुणी विहिरीची चौकशी करायचंच.

कशेळ्याच्या बाजारातही एका उन्हाळ्यात माझं हसं झालं. उष्णता अशी पडली, की वडावरची वटवाघळं पटापट खाली पडू लागली. मी कासमचाचांना हाताला धरून आणलं. ते चामड्याच्या मशकीने बाजारात पाणी पुरवत. मशकीचं तोंड दाबून त्यांनी झाडावर पाण्याची धार सोडली. धार सोडता सोडता म्हणाले, "उलटी टांगलेली हायेत ही. पानी नाकात गेलं तर पाप कोनाला, तुला का मला?" मी म्हटलं, "खात्याला." ते एवढे हसले की उरलेली मशक खालच्या कापडवाल्यावर रिकामी झाली. त्या दुपारी पुष्कळ वटवाघळं तगली. कापडवाला मात्र माझ्याशी नंतर कधी बोलला नाही.

असल्या गोष्टी सांगायला गोड वाटतात. आता जी सांगतो ती तशी नाही.

कोंडाण्याच्या वर, डोंगराच्या पदरात, तेव्हा धनगरांची थोडी घरं होती. त्यांतलं एक भागायचं. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, आणि म्हशी मात्र दृष्ट लागण्यासारख्या. माझ्या आईच्या वयाची होती, आणि आईला करतात तसंच सगळे तिला अरेतुरे करत. तिच्या कळपाची पुढारीण चांदी. चांदीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता आणि गळ्यात शिवणीच्या लाकडाची घंटा. आत लाकडाचेच दोन लोळे. पितळी घंटेसारखा तिचा आवाज टणटणत नसे. खडक्-खडक्, खडक्-खडक्, असा जाडसर, झोप येईल असा आवाज. दुपारच्या रानात तो लांबून ऐकू आला की कळायचं, भागाय म्हशी घेऊन खाली कोंडावर चालली आहे. कोंड म्हणजे उल्हास नदीतला खोल डोह, भर वैशाखात पाणी धरणारा.

एक दिवस ती माझ्या चौकीवरून म्हशी घेऊन गेली आणि घंटा वाजलीच नाही. पाहतो तर घंटेच्या पोटात गवत कोंबलेलं.

"काय गं भागाय, चांदी मुकी झाली का आज?"

"वाडीतला म्हातारा गेला सकाळला. सुतकाच्या दारावरनं वाजत जाऊ नाय बाबा." एवढं बोलून ती पुढे गेली.

कोंडावर तिच्या म्हशी पाण्यात बसल्या की पलीकडच्या काठाला सांबरं यायची. आधी एखादी मादी झाडीतून मान काढायची, मग बाकीची. माणसाच्या नुसत्या वासाने दरी ओलांडणारी ही जनावरं म्हशींच्या शेजारी तोंड बुडवून पाणी प्यायची. त्यांच्या हिशेबी जिथे ती घंटा तिथे म्हशी, आणि जिथे म्हशी निवांत तिथे भय नाही. त्यांत एका मादीचा डावा कान अर्धा तुटलेला. कधीतरी कुणाच्या तरी गोळीने नेलेला. भागाय तिला "माझी तुटक्या कानाची" म्हणायची. मीही म्हणायला लागलो. लग्नकार्यात आपल्या माणसाला गर्दीत शोधावं तशी माझी नजर दर उन्हाळ्यात आधी तिला शोधायची.

मग तो वणवा आला. घाटातल्या इंजिनाची ठिणगी की कुणाची विडी, ते देवाला ठाऊक. दुपारच्या वाऱ्यावर आग खालून चढत आली. आमची जाळरेषा तिने कुठेशी ओलांडली होती. कोंडाच्या वरच्या घळीत सांबरं, भेकरं, रानडुकरं दुपारच्या सावलीला बसलेली असत हे मला माहीत होतं. आगीच्या आणि त्यांच्या मध्ये थोडंच रान उरलं होतं. त्यांना तिथून उठवून वरच्या कातळावर घालवायचं होतं. कातळावर गवत नाही, तिथे आग जात नाही.

ठाकरवाडीचा कमळू हाकेवाल्यांचा म्होरक्या होता. हाका म्हणजे काय तेही सांगून टाकतो. शिकारीला साहेब आला की माणसांची रांग करून ढोल, डबे, आरोळ्या यांनी रान उठवायचं आणि जनावर पुढे बंदुकी घेऊन बसलेल्यांच्या अंगावर घालायचं. मी कमळूला म्हटलं, आज बंदूक नाही, पण हाका करू. त्याला एकदम पटलं. दोघांनाही आपण फार शहाणे वाटलो. त्याची माणसं ढोल घेऊन धावत आली. आगीकडे पाठ करून आम्ही रांग धरली आणि अशी गर्जना केली, की घाटात पडसाद उठले.

जनावरं उठली. थोडी पुढे गेली, थांबली, आणि मागे फिरली. आमच्या रांगेच्या अंगावर आली. कमळू ओरडला, "उलटली! ढोल वाजवा रं!" आम्ही जीव खाऊन वाजवले. जेवढं वाजवलं तेवढी ती चेवाने रांग फोडू लागली. दोन सांबरं माझ्या दोन्ही अंगांनी धुरात गेली. मग धुरातून जे ओरडणं आलं, ते मी लिहिणार नाही.

आधी कमळूच्या ध्यानात आलं. त्याने ढोल खाली ठेवला आणि डोक्याला हात लावला. "आमीच शिकवलंय त्यांला," तो म्हणाला. "ढोल मागं वाजला की मरान म्होरं असतं." जी सांबरं हाक्यांतून वाचून म्हातारी झाली होती, ती बरोबर याच युक्तीने वाचली होती. पुढे बंदूक आहे असं धरून रांग फोडायची आणि मागे सुटायचं. आज पुढे कातळ होता आणि मागे आग होती. हे त्यांना कुणी आणि कसं सांगावं?

सगळ्यांनी ढोल खाली ठेवले. नुसता आगीचा आवाज. घळीत उरलेली जनावरं चुळबुळत होती. तुटक्या कानाची त्यांत होती, शेजारी तिचं पाडस. पुढे जाईना, मागे येईना. आणि तेवढ्यात वरून आवाज आला. खडक्-खडक्. खडक्-खडक्.

भागायची वाडी आगीच्या वाटेवर होती. घर सोडून ती म्हशी घेऊन कातळाकडे निघाली होती आणि तिची वाट घळीच्या तोंडावरून जात होती. जनावरांना वाचवायला ती आली नव्हती, तिला तिच्या म्हशींची पडली होती. पण तुटक्या कानाचीने मान वर केली. ज्या बाजूने आवाज येत होता त्या बाजूने एक पाऊल टाकलं, मग दुसरं. आणि ती पाडसाला घेऊन म्हशींच्या मागे चालू लागली. तिच्यामागे बाकीची.

भागायने वळून पाहिलं. मागे धूर, धुराच्या पुढे सांबरं. म्हशींना दामटून तिला कधीच कातळ गाठता आला असता. पण म्हशी धावल्या असत्या तर घंटेचा आवाज बदलला असता. पळत्या म्हशीची घंटा म्हणजे वाघ मागे लागला, हे रानात सगळ्यांना कळतं. तिने काठी आडवी धरली आणि म्हशींना चालवलंच. रोज पाण्याला न्यायची तशी. तिचा आवाज मला खालपर्यंत ऐकू येत होता, "हळू गं माझ्या बायांनो. हळू. काय नाय झालं. हळू." तिच्या लुगड्याच्या पदराला ठिणग्यांनी भोकं पडली होती, ती नंतर दिसली. कातळावर पोचल्यावर ती मटकन खाली बसली आणि मग मात्र अशी रडली की चांदी येऊन तिचं डोकं चाटू लागली.

मी रखवालदारीत काय कमावलं असं कुणी विचारलं तर ती दुपार सांगतो. कातळावर म्हशी, म्हशींच्या पलीकडे सांबरं, आणि मध्ये एक बाई. आम्ही लांबून मागे आलो होतो, कमळू हात जोडून उभा होता. कुणाला जोडले होते ते त्यालाही सांगता आलं नसतं.

त्यानंतर दोन-तीन उन्हाळे चांगले गेले. मग खात्याने ते रान चराईला बंद केलं. हुकूम वरून आला होता, धनगरांनी वर घाटावर नातेवाइकांकडे जायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी भागाय चौकीवर आली. तिने चांदीच्या गळ्यातली घंटा सोडून आणली होती.

"ही ठेव," म्हणाली. "वर जाऊन हिचा काय उपेग? तिथली जनावरं हिला वळखत नाय."

"आणि चांदी?"

"चांदीला दुसरी बांधीन. पन वैशाखात कोंड आटला तर माझ्या लेकरांना पानी दावायला कोन हाय? तू वाजव. हळू वाजव मातर. रोजच्यासारखी."

मला वाटलं होतं, एक माणूस हातात घंटा धरून गेला तर सांबरं येतील हे बाईचं खूळ आहे. पण तिला शब्द दिला होता. एकोणिसावं शतक संपता संपता जो दुष्काळ पडला, घाटावरची माणसं पोटासाठी खाली उतरत होती, त्या वर्षी कोंडात चिखलच राहिला. नदीच्या खालच्या वळणावर मी डवरे उकरले होते, भले मोठे, उतरत्या बाजूचे. तिथे पाणी आहे हे सांबरांना कसं कळावं? उन्हं कलल्यावर मी कांबळं पांघरलं. ते कांबळंही भागायचंच, म्हशींचा वास मुरलेलं. घंटा गळ्यात घातली आणि वाकून चालू लागलो. कोंडाण्याची पोरंटोरं मला पुढे "म्हसोबा" म्हणू लागली ती तेव्हापासून.

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी झाडीत नुसतं पान हललं. मी मागे पाहिलं नाही. भागायही कधी मागे पाहत नसे. पुढे केव्हातरी मागून खुरांचा आवाज आला, हलका, थांबत थांबत येणारा.  डवऱ्यांपाशी पोचून मी बाजूला झालो, आणि ती पुढे आली. तुटक्या कानाची. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हैस नाही हे तिला नक्की कळलं होतं. तरी ती मान खाली घालून पाणी प्यायली, आणि मग बाकीची आली.

मला बायको होती, पोरं होती, घरी कुणी कमी प्रेम केलं असं नाही. पण कुणी आपल्यावर एवढा विश्वास टाकावा, हे सुख मला त्या संध्याकाळी मिळालं तसं पुन्हा मिळालं नाही. तो दुष्काळ त्यांनी त्या डवऱ्यांवर काढला.

गोष्ट गावात राहती तर बरं होतं. पण अशी नवलाई झाकून राहते का? कोंडाण्यातून कर्जतला, तिथून कशेळ्याच्या बाजारात. "आमचा रखवालदार घंटा वाजवतो आन् सांबरं शेळीवानी मागं येतात." एका हिवाळ्याच्या अखेरीस मुंबईचे एक शेठ शिकारीचा रीतसर परवाना घेऊन आले. माणूस वाईट नव्हता. हसतमुख, हौशी, माझ्या पोरांसाठी खाऊचा पुडा घेऊन आला होता. चहा पिता पिता म्हणाला, "काय हो रखवालदार, हाक्याचा एवढा दंगा कशाला? तुम्ही घंटा वाजवत पुढे चाला. मी डवऱ्यापाशी बसतो. होळी झाली की येतो."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार? परवाना होता, साहेबाची चिठ्ठी होती, आणि मी खात्याचा नोकर. घंटा मोडून टाकली तरी तशी दुसरी कुठल्याही सुताराने करून दिली असती. घंटा माझ्या एकट्याची नव्हतीच. आवाज सगळ्यांना माहीत झाला होता.

मी कमळूकडे गेलो. तो अंगणात टोपली विणत होता. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग काय करायचं?"

"ढोल काढ," मी म्हटलं.

त्याने टोपली खाली ठेवली. मग त्याला कळलं. "नको रं," तो म्हणाला. "दुसरं कायबी सांग."

दुसरं काही असतं तर मी त्याच्याकडे गेलो असतो का?

त्या दिवशी उन्हं कलल्यावर मी कांबळं पांघरलं आणि घंटा गळ्यात घातली. डवऱ्यांभोवतीच्या झाडीत कमळू आणि त्याची माणसं ढोल-डबे घेऊन बसली होती. मी नेहमीसारखा चाललो. हळू, रोजच्यासारखा. मनात म्हणत होतो, आज येऊ नका. आजच्या दिवस वाळूतच मरा तहानेने, पण येऊ नका. खुरं वाजली. आली. तुटक्या कानाची पुढे, तिचं पाडस आता तिच्याएवढं झालेलं. ती डवऱ्यात उतरली आणि तोंड लावलं, तेव्हा मी घंटा जोरजोरात हलवायला लागलो आणि कमळूने ढोलावर टिपरी टाकली.

बाकीची उधळली. ती उधळली नाही. ती वर चढून माझ्याकडे आली. भय वाटलं की घंटेकडे जायचं, हे तिला आगीच्या दिवशी कळलं होतं ना! तोंडातून पाणी गळतंय, कान उभा, आणि ती माझ्या जवळ येऊन उभी राहिली. मी ओरडलो, "जा!" ती जाईना. मी दगड उचलला. पहिला मुद्दाम लांब टाकला. ती दचकली आणि पुन्हा माझ्याकडेच सरकली. दुसरा तिच्या खांद्याला लागला. मग ती गेली.

आठवडाभर आम्ही रोज हेच केलं. आधी घंटा, मग ढोल आणि दगड. शेवटी शेवटी घंटेचा पहिला खडक् झाला की सगळं रान फुटून पळायचं.  काम झालं की कमळू माझ्याकडे न बघता घरी जायचा.

होळी झाल्यावर शेठ आले. मी त्यांच्या समोर कांबळं पांघरून, घंटा वाजवत दोन दिवस चाललो. होलासुद्धा उडाला नाही. डासांनी त्यांना फोडून काढलं होतं. जाताना म्हणाले, "लोक काहीही उठवतात हो." आणि खरंच चांगला माणूस, पोरांना पुन्हा खाऊ देऊन गेले.

पुढे पेन्शन झाली, मी कर्जतला येऊन राहिलो. घंटा दाराच्या खांबाला टांगली. वारा सुटला की वाजायची आणि माझं जेवण तिथेच थांबायचं. एका हिवाळ्यात दारात कुणी उभं राहिलं. पाठीत वाकलेली, हातात काठी, सोबत भाचा.  भागाय! भाचा बाजाराला तूप घेऊन आला होता, त्याच्याबरोबर हट्टाने उतरली होती. बसायच्या आधी तिने घंटेवरून हात फिरवला.

"वाजवतोस का रं?"

"नाय."

"आन् ती? माझी तुटक्या कानाची? येते का पान्याला?"

मी तिला सगळं सांगितलं. घंटा, शेठ, ढोल. दगडाचं शेवटी सांगितलं. तिने ऐकून घेतलं. 

"म्हंजी घंटा वाजली की पळतात?"

"पळतात."

"जिती हाय ना?"

"मागल्या उन्हाळ्यात कमळूला दिसली. पार वर, कातळाच्या पलीकडं."

"मंग बरं केलंस," ती म्हणाली. डोळे मात्र गळत होते. मग काठी टेकत उठली, अंगणाच्या कडेचं मूठभर गवत उपटलं आणि घंटेच्या पोटात घट्ट कोंबलं. अंगठ्याने दाबून दाबून.

"भागाय, कुणी गेलं नाही गं," मी म्हटलं.

"ठाव हाय," ती म्हणाली, आणि आणखी थोडं कोंबलं.

ती गेल्याचं पुढच्याच वर्षी कळलं. कमळूही आता नाही. गवत जुनं झालं की भुसा होऊन गळतं, म्हणून दर दिवाळीला मी घंटा खाली काढतो, जुनं गवत झटकतो आणि नवं भरतो. मधे ती रिकामी असते तेव्हा आतले दोन्ही लोळे मुठीत धरून ठेवतो.

यंदा हाताला कंप सुटलाय. मूठ सुटली आणि ती वाजली. एकदाच, खडक्. सून स्वयंपाकघरातून डोकावली. मी अंगणात जाऊन राजमाचीच्या डोंगराकडे पाहत उभा राहिलो. इतक्या लांब आवाज जात नाही, हे मला कळतं. तरी उभा राहिलो. मग आत आलो आणि गवत भरलं.